विजेची थाप

विजेचा धक्का ही आपल्या घरात धास्तीनं उच्चारायची गोष्ट. ओल्या हातानं बटण दाबू नकोस, पावसात लोखंडी खांबाला टेकू नकोस, हे ऐकतच आपण सारे मोठे झालो. हीच वीज, घरातल्यापेक्षा दहा पटींहून जास्त दाबानं, सेकंदाच्या दोनशेव्या भागापुरती, डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंना मुद्दाम देतात. त्या धक्क्यानं जंतूच्या अंगाला क्षणभर भोकं पडली की त्यातून परका डीएनए आत शिरतो आणि तो जंतू जन्मात कधी न केलेलं काम करू लागतो, असं कुणी सांगितलं तर आपल्याला ती विज्ञानकथा वाटेल. पण जगभरच्या प्रयोगशाळांत हे आज रोजचं काम आहे. प्रयोगशाळेतली मुलं त्याला ‘इलेक्ट्रोपोरेशन’ म्हणतात. शब्द अवजड आहे, पण अर्थ सोपा: विजेनं छिद्रं पाडणं.

मी विज्ञानाचा विद्यार्थी नव्हे. उमेदीची वर्षं बँकेत गेली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. या विषयाकडे मी वळलो तो क्षयरोगामुळे. क्षयाचं औषध कुणाला लागू पडतं आणि कुणाला पडत नाही, या प्रश्नाचा पिच्छा पुरवता पुरवता मी या विजेच्या पेटीपाशी येऊन पोचलो. एवढ्याशा धक्क्याचा आपल्या घरातल्या औषधाच्या डबीशी काय संबंध, ते आज सांगायचं आहे.

मुळात जंतूच्या पोटात परका डीएनए घालायचा कशासाठी? सगळ्यांना ओळखीचं उदाहरण इन्सुलिनचं. पूर्वी मधुमेहाच्या रोग्यांना लागणारं इन्सुलिन डुकरांच्या आणि गाईंच्या स्वादुपिंडातून काढावं लागे. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी माणसाच्या इन्सुलिनचा मजकूर असलेला डीएनए ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूत घातला आणि जंतूनं इन्सुलिन बनवून दिलं. १९८२ मध्ये ते अमेरिकेत औषध म्हणून मान्य झालं. जंतूला डीएनएची भाषा कळते. हुकूम कुणी लिहिला आहे हे तो विचारत नाही. हुकूम आत पोचला की तो कामाला लागतो.

अडचण असते ती आत पोचवण्याची. काही जंतू बाहेरचा डीएनए आपणहून उचलतात. न्यूमोनियाचे जंतू तसे आहेत, हे फ्रेडरिक ग्रिफिथ यांच्या १९२८ च्या प्रयोगांत दिसलं होतं. ई. कोलाय मात्र सहसा दार उघडत नाही. १९७० मध्ये मँडेल आणि हिगा यांनी कॅल्शियम क्लोराइडच्या थंडगार द्रावणात ठेवून त्याला ते उघडायला लावलं. पुढे संशोधक जंतूंना बर्फात ठेवून मग क्षणभर बेचाळीस अंशांचा चटका देऊ लागले. इन्सुलिनची पहिली मजल या जुन्या वाटेनंच गाठली गेली. पण ही वाट प्रत्येक जंतूला चालत नव्हती.

विजेची वाट उघडली १९८२ मध्ये. जर्मनीत एबरहार्ट नॉयमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या पेशींना विजेचे जोरदार पण अगदी अल्पजीवी झटके देऊन त्यांच्यात जनुक घातला आणि ‘इलेक्ट्रोपोरेशन’ हा शब्द रूढ केला. जंतूंचं शरीर उंदराच्या पेशीपेक्षा फारच लहान, म्हणून त्यांना झटका अधिक जोराचा लागतो. १९८८ मध्ये विल्यम डॉवर आणि सहकाऱ्यांनी ई. कोलायवर हा प्रयोग करून दाखवला. ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाइतक्या डीएनएपासून त्यांना शंभर कोटी ते हजार कोटी बदललेले जंतू मिळाले. जुन्या पद्धतीत हाच आकडा साधारणपणे काही लाख ते काही कोटींच्या घरात राही.

एक कुपी, एक बटण

माझी पुतणी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत संशोधन करते. तिच्या टेबलाशी एक दिवस बसून मी हे सारं पाहिलं. यंत्र जुन्या रेडिओएवढं. त्यात बसते एक छोटी चौकोनी प्लॅस्टिकची कुपी. कुपीच्या आत समोरासमोर ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या आणि मधे दोन मिलिमीटरची फट. त्या फटीत जंतूंचं थेंबभर पाणी आणि त्यात मिसळलेला डीएनए.

खरी मेहनत त्याआधीची. जंतू खारट पोषक रसात वाढवलेले असतात. ते बर्फात थंड करून, पुन्हा पुन्हा पाण्यानं आणि दहा टक्के ग्लिसरॉलनं धुऊन त्यांच्याभोवतीचं सगळं मीठ काढून टाकावं लागतं.

“काका, मीठ राहिलं की फट्‌कन ठिणगी पडते,” ती म्हणाली. “मग जंतूही गेले आणि सकाळपासूनची मेहनतही.”

खारट पाण्यातून वीज सुसाट धावते, हे त्यामागचं कारण.

मग ती बटण दाबते. यंत्राच्या पोटात विजेचा साठा करणारा कपॅसिटर असतो. जुन्या कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवा. तो आधी बारीक आवाज करत भरत असे आणि मग सारी वीज एकदम सोडून देत असे. हेही तसंच. अडीच हजार व्होल्ट दोन मिलिमीटरच्या फटीवर पडतात, म्हणजे सेंटिमीटरला साडेबारा हजार व्होल्टचा ताण. ई. कोलायसाठी हा झटका सुमारे पाच मिलिसेकंदांत ओसरतो. माझ्या कानाला फक्त यंत्राचं ‘बीप’ ऐकू आलं.

तेवढ्या वेळात आत बरंच घडतं. जंतूभोवती स्निग्ध पदार्थांचं पातळ पटल असतं, मिलिमीटरच्या दोन लाखाव्या भागाएवढ्या जाडीचं. या पटलाच्या दोन बाजूंमधला विजेचा फरक एक व्होल्टच्या आसपास गेला की ते टिकत नाही. पाण्याचे कण त्यात घुसतात आणि छिद्रं पडतात. डीएनएवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे विजेच्या ओढीनं तो पटलाकडे रेटला जातो आणि आत शिरतो. झटका संपला की छिद्रं बुजू लागतात. ज्यांची बुजत नाहीत ते जंतू मरतात, आणि असे पुष्कळ असतात. उरलेल्यांना ताबडतोब कोमट पोषक रसात घालून तासभर विसावा देतात. एखाद्या आजाऱ्याला पेज पाजावी तसा तो प्रकार मला वाटला.

यानंतरचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कोट्यवधी जंतूंपैकी डीएनए कुणाच्या आत गेला, हे ओळखायचं कसं? त्यासाठी आत घालायच्या डीएनएमध्येच एखाद्या औषधाला दाद न देणारा जनुक जोडलेला असतो. मग सगळे जंतू ते औषध मिसळलेल्या काचेच्या बशीवर पसरतात. ज्यांच्यात जनुक गेला नाही ते मरतात, ज्यांच्यात गेला ते जगतात आणि वाढतात. दुसऱ्या दिवशी बशीवर मोहरीच्या दाण्यांसारखे ठिपके दिसतात. एकेक ठिपका म्हणजे वाचलेल्या एकेका जंतूचं गोत. म्हणजे वीज दार उघडते, पण निवड करतं ते औषध. ही बशी वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचं काम आहे.

मेणाच्या तटबंदीआडचा शत्रू

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये २४ मार्च १८८२ रोजी जगाला दाखवला. पण पुढची शंभर वर्षं त्याच्या अंतरंगात हात घालणं जवळजवळ अशक्य होतं. याला दोन कारणं. एक त्याची तटबंदी. त्याच्याभोवती मेणासारख्या आम्लांचा जाड थर असतो, तिथे कॅल्शियमची मात्रा चालत नाही. दुसरं कारण त्याची चाल. ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, क्षयाच्या जंतूला त्यासाठी वीस तासांच्या आसपास लागतात. एका प्रयोगाचा निकाल बशीवर दिसायला तीन-चार आठवडे जातात.

न्यूयॉर्कमधल्या अल्बर्ट आइनस्टाइन वैद्यकीय महाविद्यालयात विल्यम जेकब्स आणि बॅरी ब्लूम यांच्या गटानं हे काम चिकाटीनं लावून धरलं. १९८८ मध्ये स्कॉट स्नॅपर आणि या गटानं विजेच्या झटक्यानं बीसीजीच्या, म्हणजे आपल्या दंडावर टोचलेल्या लशीच्या, जंतूत आणि स्मेग्मॅटिस नावाच्या त्याच्या चुलतभावात परका जनुक टिकवून दाखवला. स्मेग्मॅटिस हा क्षयजंतूच्याच कुळातला, पण सहसा निरुपद्रवी आणि तीनेक तासांत दुप्पट होणारा. म्हणून सराव त्याच्यावर करायचा.

तरीही यश तुटपुंजं होतं. असंख्य जंतूंतून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच डीएनए स्वीकारत. तेव्हा त्या गटानं एक साधी गोष्ट केली. ज्या थोड्यांनी डीएनए स्वीकारला, त्यांच्याकडेच लक्ष दिलं. हे केवळ नशिबानं वाचले, की त्यांच्यातच काही वेगळं आहे? त्यांच्या वंशजांना पुन्हा झटका देऊन पाहिल्यावर त्यांच्यात एक असा वाण सापडला, जो मूळ जंतूच्या दहा हजार ते लाख पटींनी अधिक सहजपणे डीएनए आत घेत होता. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या वाणाचं नाव ‘एमसी स्क्वेअर १५५’. आइनस्टाइनच्या सूत्राची आठवण व्हावी असंच ते आहे. आज क्षयावर काम करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांत हा वाण आहे. माझ्या पुतणीच्या बशीवरही तोच होता. त्याला झटका थोडा लांब लागतो, सुमारे वीस मिलिसेकंदांचा, आणि ठिपके दिसायला तीन दिवस थांबावं लागतं.

दार उघडल्यावर आत काय सापडलं, तर चाळीस वर्षं न सुटलेल्या एका कोड्याचं उत्तर. आयसोनियाझिड हे क्षयाचं औषध १९५२ पासून वापरात आहे. स्वस्त, प्रभावी आणि आजही उपचाराचा कणा. पण काही जंतूंवर ते का चालत नाही, हे नेमकं कुणाला सांगता येत नव्हतं. १९९२ मध्ये यिंग झांग, स्ट्युअर्ट कोल आणि सहकाऱ्यांनी क्षयजंतूतला ‘कॅट-जी’ नावाचा जनुक आयसोनियाझिडला दाद न देणाऱ्या स्मेग्मॅटिसमध्ये घातला, आणि तो जंतू पुन्हा त्या औषधानं मरू लागला.

याचा अर्थ मी माझ्या भाषेत सांगतो. आयसोनियाझिड हा धनादेश आहे. धनादेश खिशात असून दुकानात काही मिळत नाही, तो आधी वटवावा लागतो. हे औषध वटवण्याची खिडकी खुद्द जंतूच्याच घरात असते. ती खिडकी म्हणजे कॅट-जीनं बनवलेलं विकर. जंतू आपल्याच हातानं औषध वटवतो आणि त्यानंच मरतो. ज्या जंतूत ही खिडकी बिघडलेली असते, त्याच्यापाशी धनादेश तसाच पडून राहतो आणि जंतू जगतो. दोन वर्षांनी, १९९४ मध्ये, आशेष बॅनर्जी, जेकब्स आणि सहकाऱ्यांनी ‘इन-एच-ए’ हा दुसरा जनुक दाखवला. औषधाचा घाव जिथे बसतो ते हे ठिकाण.

आज क्षयाच्या तपासणीत आयसोनियाझिड लागू पडेल की नाही हे जनुकांवरून सांगणाऱ्या ज्या चाचण्या आहेत, त्या याच दोन ठिकाणी डोकावतात. रिफाम्पिसिन या दुसऱ्या मुख्य औषधासाठी तिसऱ्या एका जनुकाकडे पाहतात. सरकारी दवाखान्यात ‘सीबीनॅट’ नावाची जी चाचणी होते, तिचं यंत्र दोनेक तासांत तो निकाल देतं. अहवालाच्या कागदावरची ती एक ओळ लिहिता यावी, म्हणून कुणीतरी जंतूचं दार आधी उघडलेलं असतं.

बशी आणि माणूस

एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी. बरेच रोगजंतू औषधाला दाद न देण्याचा जनुक एकमेकांकडून उसना घेतात. क्षयाचा जंतू तसा उसनवारी करणारा नाही. तो वाढताना आपल्या डीएनएची नक्कल करतो आणि त्या नकलेत कधीतरी चूक होते. अंदाजे दहा लाखांत एखादा जंतू अशा चुकीमुळे आयसोनियाझिडला बधत नाही. रिफाम्पिसिनच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे दहा कोटींत एक. रोग्याच्या फुप्फुसात मोठा व्रण असेल, तर तिथे कोट्यवधी जंतू असतात. म्हणजे एकच औषध दिलं, तर वाचणारे आधीपासूनच तिथे हजर असतात.

दोन औषधं एकत्र दिली की हिशोब बदलतो. दोन्ही चुका एकाच जंतूत होण्याची शक्यता काढायला दोन आकड्यांचा गुणाकार करावा लागतो आणि एवढे जंतू कुठल्याच फुप्फुसात नसतात. बँकेच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात, एक मॅनेजरकडे आणि एक हेडकॅशियरकडे. एक किल्ली हरवली किंवा चोरीला गेली तरी खजिना सुरक्षित राहतो. क्षयाला चार-चार गोळ्या का, या प्रश्नाचं उत्तर हेच आहे.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस मी तालुक्याच्या गावी एका शाखेत अधिकारी होतो. तिथल्या आमच्या हेडकॅशियरना क्षय झाला. माणूस शिस्तीचा. रोजची रोकड पैशाला पैसा जुळल्याशिवाय घरी जात नसे. आठ महिन्यांचा उपचार सांगितला होता. दोन महिन्यांत खोकला गेला, ताप गेला, अंगावर मांस चढलं. तिसऱ्या महिन्यात त्यांनी गोळ्या सोडल्या. मी विचारलं, तर म्हणाले, “साहेब, आता काय झालंय मला? चार किलो वजन वाढलंय. त्या गोळ्यांनी नुसतं मळमळतं हो.” त्यांच्या पत्नीनं, थोरल्या भावानं, आम्ही सर्वांनी सांगून पाहिलं. वर्षभर ते ठणठणीत होते. मग आजार परतला, आणि या वेळी त्याच गोळ्यांचा काही उपयोग होईना. त्या काळी दुसरी औषधं महाग आणि दुर्मिळ. दीड वर्षात ते गेले. मुलगी तेव्हा दहावीत होती.

पुण्यात ती काचेची बशी पाहताना मला त्यांची आठवण झाली. औषधाच्या बशीवर जंतू पसरायचे, मरणाऱ्यांना मरू द्यायचं, वाचलेल्यांना वाढवायचं: एमसी स्क्वेअर १५५ मिळाला तो अशाच निवडीतून. अर्ध्यावर सोडलेला उपचार माणसाच्या शरीरात हेच करतो. आधी नाजूक जंतू मरतात, म्हणून बरं वाटतं. कधी नागा, कधी चारांतली एकच गोळी, मधेच बंद, पुन्हा सुरू असं चाललं, की चिवट जंतूंना मैदान मोकळं मिळतं. प्रयोगशाळेत ही निवड कुलूपबंद खोलीत, हातमोजे घालून करतात. घरात ती नकळत होते आणि त्यातून निपजलेला जंतू खोकल्याबरोबर शेजारच्या खाटेवर झोपलेल्या नातवाकडे जातो.

१९५९ मध्ये मद्रासच्या क्षयरोग केंद्रातल्या अभ्यासानं जगाला दाखवून दिलं, की औषध नीट घेतलं तर रोगी घरी राहूनही सॅनेटोरियममधल्याइतकाच बरा होतो. लाखो गरिबांवर हे उपकारच झाले. पण त्यामुळे उपचाराबरोबर त्याची राखणही घरी आली. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा आज भारतात आहे. २०१२ च्या आरंभी मुंबईचे डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णन केलेले काही रोगी देशभर चर्चेत आले. त्यांच्या जंतूंवर तपासलेलं एकही औषध चालत नव्हतं.

आशेची बाजूही आहे, आणि तिची वाटही त्याच विजेच्या पेटीवरून जाते. २००५ मध्ये जाहीर झालेलं बेडाक्विलिन हे औषध आधी सापडलं ते स्मेग्मॅटिसवर हजारो रसायनं तपासताना. ते घाव कुठे घालतं, हे कळलं त्याला दाद न देणाऱ्या जंतूंचे जनुक वाचून. क्षयजंतूची ऊर्जा बनवणारी यंत्रणाच ते बंद पाडतं. २०१२ च्या अखेरीस अमेरिकेत आणि २०१६ मध्ये भारताच्या सरकारी कार्यक्रमात ते आलं. २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयानं कंपनीचा मक्तेदारी लांबवणारा अर्ज फेटाळला, त्यामुळे स्वस्त पर्यायांना वाट मिळाली. पूर्वी औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर दीड-दोन वर्षं उपचार चालत. २०२४ मध्ये सरकारनं बेडाक्विलिनसह चार औषधांचा सहा महिन्यांचा उपचार मान्य केला. आमच्या हेडकॅशियरना यातलं काही मिळालं नाही.

पण बेडाक्विलिनलाही न बधणारे जंतू आता आढळू लागले आहेत. त्यात नवल नाही. नक्कल करताना चुका होणारच आणि औषध निवड करणारच. नवं औषध शोधायला दहा-पंधरा वर्षं जातात, ते निकामी करायला काही महिन्यांची हेळसांड पुरते. जंतूचं दार उघडणारे, त्याची बिघडलेली खिडकी शोधणारे लोक त्यांचं काम चोख करत आहेत. त्यांच्या मेहनतीचं जे फळ आपल्या हाती पडतं, ते गोळ्यांच्या पाकिटाच्या रूपात. घरात कुणाला क्षय झाला असेल, तर त्या पाकिटातली शेवटची गोळी पोटात जाईपर्यंत त्याच्याशेजारी बसणं, आणि मळमळ फारच होत असेल तर गोळी टाकून न देता डॉक्टरांकडे नेऊन तिचा पर्याय विचारणं, हे काम मात्र आपलं आहे.